सदर कर्मचाऱ्यास रूपे येत नाहीत

परिपत्रकात आबासाहेबांचं नाव कुठेच नव्हतं. तरी ते फळ्यावर लागलं आणि सगळ्या हॉलनं एकदमच माना वळवून त्यांच्या पार्टिशनकडे बघितलं. आता बघण्यासारखं काय होतं? लिहिलं होतं ते एवढंच, की जे कर्मचारी वरच्या पदावर तात्पुरते बसलेले आहेत त्यांनी तीन महिन्यांत इंग्रजीची खात्याची परीक्षा द्यावी. जे नापास होतील किंवा बसणारच नाहीत, त्यांना मूळ पदावर परत पाठवण्यात येईल. आबासाहेब आस्थापना शाखेचे तात्पुरते अधीक्षक होते आणि त्या तात्पुरतेपणाला सहा वर्षं होऊन गेली होती.

कोणी म्हणेल, अधीक्षक काय आणि कारकून काय, निवृत्तीला दोन वर्षं तर राहिली होती. असं म्हणणाऱ्यानं बत्तीस वर्षं त्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून बघावं. आबांना लाकडी पार्टिशन मिळालं, त्याला झुलतं दार मिळालं, हात टेकायला हात असलेली खुर्ची मिळाली आणि त्याच दिवसापासून लोक 'आबा'ला 'साहेब' जोडायला लागले. परत पाठवलं तर त्या खुर्चीत बसणार होता तो दुय्यम कारकून, ज्याला फाइलची लेस कशी बांधायची तेसुद्धा आबासाहेबांनीच हाताला धरून शिकवलं होतं. शेवटच्या दिवशी हार गळ्यात घालून त्या दाराच्या आतून घरी जायचं, बाहेरून नाही, एवढंच त्यांचं मागणं होतं. ते फार होतं असं निदान मला तरी वाटत नाही.

अडचण क्रियापदांची होती. वर्तमानकाळात आबासाहेबांचं इंग्रजी बरं चालायचं. भूतकाळात शिरलं की पाय घसरायचा. आणि कचेरीत तर सगळंच भूतकाळात असतं. पत्र आलेलं असतं, माणूस गेलेला असतो, कागद गहाळ झालेला असतो. आधीचे साहेब न वाचता सही करायचे, म्हणून निभावलं. नवे मोठे साहेब वाचायचे. एकदा त्यांनी 'ब्रिंग'चं 'ब्रिंग्ड' केलेला मसुदा चिमटीत धरून, उंदीर धरावा तसा, परत पाठवला होता. शिपायानं तो सगळ्या हॉलमधून तसाच चिमटीत धरून आणला.

परिपत्रक लागलं त्या संध्याकाळी बातमी आबासाहेबांच्या आधी घरी पोचली होती. जिन्यातच तळमजल्यावरच्या कंपाउंडरनं गाठलं. "काही नाही हो, सकाळी कोमट पाण्याच्या गुळण्या करताना क्रियापदांची रूपं म्हणायची. घशातून जी जातात ती विसरत नाहीत." आबासाहेबांनी दुसऱ्या दिवशी ते करून पाहिलं. 'ड्रिंक, ड्रँक' म्हणताना पाणी नाकात गेलं आणि 'ड्रंक' राहूनच गेलं. पहिल्या मजल्यावरच्या विमा एजंटनं सांगितलं, की पाठ करूच नका, मनात भावना आणा, रूप आपोआप येतं. त्याचं स्वतःचं इंग्रजी भावनेवरच चाललेलं होतं. समोरच्या काकू तर घरात शिरून बायकोला म्हणाल्या, "या वयात डोक्याला ताण बरा नव्हे हं. आमच्या ह्यांच्या मेव्हण्याचं असंच झालं होतं." काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. नुसती मान हलवली आणि निघून गेल्या. आबासाहेबांना रात्रभर त्या मेव्हण्याचीच काळजी लागून राहिली.

परीक्षेचा अर्ज भरणं ही आणखी एक कथा. अर्ज शाखाप्रमुखाच्या शिफारशीनं पाठवायचा होता आणि शाखाप्रमुख आबासाहेबच होते. दुसरा कोणी असता तर झटक्यात शिफारस करून मोकळा झाला असता. आबासाहेबांनी स्वतःचा अर्ज नीट तपासला. फोटो तीन हवे होते, दोनच जोडलेले होते. त्यांनी अर्ज त्रुटी दाखवून अर्जदाराला, म्हणजे स्वतःलाच, परत केला. अर्जदारानं चार दिवसांनी पूर्तता केली, तेव्हा शाखाप्रमुखानं विलंबाबद्दल खुलासा मागवला. तोही त्यांनी दिला आणि तो त्यांना समाधानकारक वाटला. यात हसण्यासारखं काही नाही. नियमानं वागणारा माणूस असाच वागतो आणि म्हणूनच मार खातो.

शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, वरच्या मजल्यावर मास्तर आहेत ना? चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलंय त्यांनी. जा की."

मास्तर निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती. एकटेच राहायचे. आबासाहेब गेले तेव्हा त्यांनी दारात "या, या, तुम्ही कसे काय?" म्हणून स्वागत केलं. येण्याचं कारण ऐकलं मात्र, आणि म्हातारा ताठ झाला. म्हणाला, "उद्या सकाळी साडेसहा. पाटी नको, वही आण."

'आण'? आबासाहेब जिन्यातच थबकले. पुढे कळलं, की मास्तरांचा हा नियमच होता. दाराबाहेर 'तुम्ही', उंबऱ्याच्या आत 'तू'. विद्यार्थ्याला अहोजाहो केलं की विद्या लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. मग रोज सकाळी साडेसहाला आस्थापना शाखेचे अधीक्षक, ज्यांच्या सहीशिवाय एकशे दहा माणसांची रजा मंजूर होत नसे, ते मास्तरांच्या खोलीत हाताची घडी घालून उभे राहायचे.

"शेक."

"शेक, शेक्ड..."

"शेक, शुक, शेकन. पन्नास वेळा लिही. आणि खिडकीबाहेर बघू नकोस, तिथं काही लिहिलेलं नाही."

याला नियम काय, असं त्यांनी एकदा विचारून पाहिलं. मास्तर म्हणाले, "नियम नाही. आहे हे असं आहे." आबासाहेबांना हे झेपेना. बत्तीस वर्षांत नियम नसलेली गोष्ट त्यांच्या टेबलावर आलीच नव्हती. नियम नाही, तर मग 'गो'चं 'वेंट' कोणाच्या मंजुरीनं झालं? कधीपासून अमलात आलं? असे प्रश्न त्यांना पडायचे आणि रूप डोक्यातून निसटून जायचं. घरी स्वयंपाकघरातून बायको पीठ मळता मळता म्हणायची, "वेंट, गॉन हो. किती वेळा सांगायचं?" तिला ऐकून ऐकून सगळं यायला लागलं होतं आणि तिला परीक्षा नव्हती. याचा त्यांना मनातून फार राग यायचा. तो त्यांनी कधी बोलून दाखवला नाही, फक्त चहा अर्धा टाकून द्यायचे.

तीन आठवडे असे गेले आणि आबासाहेबांच्या लक्षात आलं, की वहीमुळेच सगळं अडतंय. वहीतलं त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. शिरणार कसं? त्यांच्या डोक्यात आजवर जे काही गेलं होतं ते फाइलमधून गेलं होतं. मग त्यांनी कचेरीतून एक कोरं कव्हर घेतलं, लेस ओवली, उजव्या बाजूला मास्तरांच्या सगळ्या याद्या लावल्या आणि पानांना क्रमांक घातले. प्रत्येक यादीला तीन रकाने पाडले. डाव्या बाजूला टिप्पणीचे हिरवे कागद लावले आणि पहिल्याच पानावर, सवयीच्या वळणदार अक्षरात, लिहिलं:

"सदर कर्मचाऱ्यास इंग्रजी क्रियापदांची रूपे येत नाहीत. पूर्वी येत होती काय, याची पडताळणी केली. तसे आढळून येत नाही. सोबत जोडलेल्या याद्यांवरून दररोज दहा रूपे पाठ करण्याचे योजिले आहे."

आणि काय सांगू, चमत्कार झाला! दुपारच्या सुट्टीत पार्टिशनच्या आत फाइल उघडून बसले की रूपं भराभर डोक्यात जायला लागली. 'राइट, रोट, रिटन' पान चारवर, 'टेक, टुक, टेकन' पान सातवर. आठवायचं झालं तर पान आठवायचं, की झालं. टिप्पणीवर रोज प्रगतीची नोंद व्हायची: "आज 'स्विम' पूर्ण. 'लाय' व 'ले' यांत सदर कर्मचाऱ्याचा गोंधळ कायम." मास्तरांनीही एकदा "हं" केलं. मास्तरांचं "हं" म्हणजे दुसऱ्याची शाबासकी समजायची.

घात झाला तो एका गुरुवारी. नोंद लिहून झाली तेवढ्यात टेलिफोन वाजला. एका हातात रिसीव्हर धरून आबासाहेबांनी दुसऱ्या हातानं, बत्तीस वर्षं करत आले तेच केलं. नोंदीखाली 'सादर' लिहिलं, सही केली, तारीख टाकली, फाइल मिटली आणि डाव्या हाताच्या ट्रेमध्ये ठेवली. डावा ट्रे म्हणजे बाहेर जाणारा. पाच मिनिटांनी शिपाई आला आणि ट्रे घेऊन गेला. हा शिपाई कधी वेळेवर आल्याचं कोणाला आठवत नाही. त्या दिवशी नेमका आला.

लक्षात आलं तेव्हा आबासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. धावत हॉलमध्ये आले. "अरे, ती फाइल?"

"गेली की वर," शिपाई म्हणाला. "लेखा शाखेत. विषय कळेना, म्हणून म्हटलं लेखाला द्यावी."

आता फाइल परत मागवायची म्हणजे मागणीपत्र द्यायचं, कारण लिहायचं आणि शाखाप्रमुखाची सही घ्यायची. हा नियम कोणी काढला होता? आबासाहेबांनीच. कारण काय लिहिणार? खासगी कामाला सरकारी कव्हर, सरकारी लेस आणि हिरवा कागद वापरला, हे? त्याबद्दल दोघांना त्यांनी स्वतःच्या हातानं ताकीद दिलेली होती. ते मागे फिरले आणि पार्टिशनच्या आत जाऊन नुसते बसून राहिले.

फाइल फिरली. फाइलचं काय आहे, एकदा अंगावर कव्हर चढलं की आत काय आहे ते कोणी विचारत नाही, अभिप्राय देतात. लेखा शाखेनं लिहिलं, "यात खर्चाची बाब दिसत नाही, सबब अभिप्राय नाही." भांडार शाखेनं 'कट', 'पुट' आणि 'शट' यांच्याखाली पेन्सिलीची रेघ मारली आणि लिहिलं, "तिन्ही रकान्यांत एकच नोंद. दुबार वाटते. खुलासा घ्यावा." विधी शाखेत ती तीन आठवडे मुक्कामाला होती. त्यांचं म्हणणं, दुसऱ्या व तिसऱ्या रकान्यातली रूपं कोणत्या नियमान्वये बदलली त्याचा उल्लेख नाही, तो नियम जोडून फेरसादर करावे. हे सगळं आबासाहेबांना शिपायाकडून तुकड्यातुकड्यानं कळायचं. सगळ्या इमारतीला आता ठाऊक झालं होतं, की सदर कर्मचाऱ्यास काय काय येत नाही. जिन्यात लोक त्यांच्याकडे बघून उगाच खोकायचे. दुय्यम कारकून मात्र हसला नाही. तो जास्तच अदबीनं वागायला लागला, आणि ते जास्त लागलं.

"फाइल गेली? जाऊ दे," मास्तर म्हणाले. "चांगलं झालं. आता तोंडानं म्हण."

दुसरा इलाजच नव्हता. पानं नाहीत, क्रमांक नाहीत, रकाने नाहीत. बस थांब्यावर, दाढी करताना, भाजी निवडताना आबासाहेब पुटपुटायला लागले. आधी आठवेनात. मग अडखळत आली. आणि एक दिवस मास्तरांनी 'अराइज'पासून सुरुवात केली ती 'राइट'पर्यंत एकशे साठ क्रियापदं झाली तरी आबासाहेब कुठे थांबले नाहीत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चाळीस वर्षांत असा मुलगा मिळाला नाही," ते म्हणाले. मुलगा छप्पन वर्षांचा होता. त्याचे डोळे भरून आले. परीक्षा रविवारी होती, मास्तर म्हणाले मी केंद्रापर्यंत येणार, कोट इस्त्रीला टाकलाय.

बुधवारी फाइल परत आली. शेवटच्या हिरव्या कागदावर मोठ्या साहेबांचं बारीक अक्षर होतं:

"पाहिले. कर्मचाऱ्याने आपणास रूपे येत नसल्याचे स्वतः लेखी मान्य केले आहे. परीक्षेस बसवून वेगळे काही निष्पन्न होणार नाही. नाव वगळावे व मूळ पदावर परत पाठवण्याचा आदेश सादर करावा."

आबासाहेबांनी ते तीनदा वाचलं. मग आयुष्यात पहिल्यांदाच, वेळ न मागता, ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले.

"साहेब, मला आता येतात."

"काय येतात?"

"रूपं. सगळी. आपण कुठलंही विचारा."

साहेबांनी फाइल उघडली, पानं मागेपुढे केली. वाईट माणूस नव्हता तो, कामाचा माणूस होता. "इथं तर येत नाहीत असं आहे, शेवटी 'गोंधळ कायम' असंही आहे. तुमचीच सही आहे ना ही?"

"सही माझीच आहे साहेब. पण ते तेव्हाचं. नंतर यायला लागली."

"मग तसं फाइलवर कुठे आहे?"

"फाइल तर फिरतीवर होती, साहेब. फाइलवर नाही, पण तोंडात आहेत."

"तसं लेखी द्या," साहेब म्हणाले. "योग्य मार्गानं पाठवा. विचार करू."

आबासाहेबांनी लेखी दिलं. योग्य मार्गानं दिलं. योग्य मार्गाला लेखा, भांडार आणि विधी धरून कमीत कमी तीन आठवडे लागतात, हे त्यांच्याइतकं चांगलं त्या इमारतीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी ते वर मास्तरांकडे गेले. खुर्चीच्या पाठीला इस्त्री केलेला कोट लटकत होता. सगळं ऐकून घेतल्यावर मास्तरांनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "बसा."

खोलीच्या आत 'बसा' म्हणाले. आबासाहेब बसले आणि त्यांना रडूच फुटलं. मास्तर नुसते कोटाची बाही सरळ करत राहिले. रविवारी सकाळी दोघंही आपापल्या घरात होते. कंपाउंडर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "गुळण्या केल्या असत्या तर ही वेळ आली नसती." बायकोनं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हांला येतं ते मला माहीत आहे ना? मग झालं तर." झालं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं.

सोमवारी आदेशाचा मसुदा करायचा होता. मूळ पदावर परत पाठवण्याचे आदेश आस्थापना शाखेतून निघतात आणि ते इंग्रजीत असतात. दुय्यम कारकून दोन तास कागदाशी झगडला आणि खाली मान घालून झुलत्या दाराशी आला. "आबासाहेब, मला हे जमत नाहीये. आणि जमलं असतं तरी माझ्या हातानं नको वाटतं. तुम्हीच लिहाल का?"

"दे इकडे," आबासाहेब म्हणाले.

त्यांनी कोरा कागद घेतला. अमुक कर्मचारी अमुक दिवशी वरच्या पदासाठी निवडला गेला होता. त्याला संधी दिली गेली होती. त्याला इंग्रजी येत नसल्याचं त्याच्याच लिखाणातून आढळून आलं. त्याचं नाव परीक्षेतून काढून घेतलं गेलं. सात वाक्यं झाली. चूझ, गिव्ह, फाइंड, विथड्रॉ, एकामागून एक क्रियापद येत होतं आणि प्रत्येक आपापल्या रूपात मुकाट्यानं जागेवर जाऊन बसत होतं. पेन एकदाही अडलं नाही. इतकं सुरेख इंग्रजी आपण कधी लिहिलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं आणि छातीत दुखावं तसं काहीतरी होत होतं.

पाऊण तासानं वरून बोलावणं आलं.

मोठे साहेब मसुदा हातात धरून उभे होते. "हा कोणी केला?"

"मी केला, साहेब."

"तुम्ही?" साहेबांनी तो पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला. "एकही चूक नाही. मी इथं आल्यापासून असा मसुदा बघितला नाही." त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदाच आबासाहेबांकडे नीट बघितलं. "इतकं चांगलं येतं तुम्हांला, मग काल परीक्षेला का नाही बसलात?"

आबासाहेबांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"ते फाइलवर आहे, साहेब," ते म्हणाले.

"अच्छा," साहेब म्हणाले. त्यांनी खाली बसून सही केली. "प्रत तुम्हांलाच द्यायची आहे ना? मग हातोहात घेऊन जा. टपालाची दगदग नको."

आबासाहेबांनी कचेरीच्या प्रतीवर 'मिळाली' असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली आणि आपली प्रत घेऊन जिना उतरून हॉलमध्ये आले.